तांबडा दिवा काय सांगतो?

गोव्याहून बेळगावकडे परतणारी मोटार मे महिन्याच्या दुपारी चोर्ला घाट चढू लागली, म्हणजे तिच्या इंजिनाची खरी परीक्षा सुरू होते. आत माणसे दाटीने बसलेली, टपावर सामान, आणि चढ काही संपत नाही. अशा वेळी चालकासमोर तापमापकाचे चिन्ह असलेला तांबडा दिवा लागला, तर मंडळींत दोन मते हमखास उमटतात. एक म्हणतो, "माथा जवळच आहे, तसेच रेटू या." दुसरा म्हणतो, "झाकण काढा आणि पाणी ओता." ही दोन्ही मते घातक होत. पहिल्याने इंजिन जाते. दुसऱ्याने माणसाचे तोंड व हात भाजतात.

आज पुष्कळ कुटुंबांच्या दारी टर्बो बसवलेली मोटार असते. म्हणून ह्या दिव्याचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे. टर्बोची कल्पना नवी नव्हे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी ह्यांनी तिचे पेटंट १९०५ साली घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने एक छोटे चक्र फिरते, व त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्ती अधिक. परंतु जेथे अधिक इंधन जळते, तेथे उष्णताही अधिक निर्माण होते. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि पेट्रोल गाडीत त्यात शिरणारा धूर सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. ही सारी धग सोसून इंजिनातील कूलंट मात्र ९० अंशांच्या आसपासच राहिले पाहिजे.

आता दिवा लागल्यावर काय करावे? निळा दिवा असेल, तर पुष्कळ गाड्यांत त्याचा अर्थ एवढाच, की इंजिन अद्याप थंड आहे. तांबडा लागला, तर एअर कंडिशनर बंद करून जागा मिळताच गाडी कडेला घ्यावी. टर्बोचे इंजिन चढानंतर एकदम बंद करू नये, मिनिटभर सावकाश चालू द्यावे, असा नियम चालकांना शिकवलेला असतो. तो निरोगी इंजिनासाठी आहे. त्यामुळे टर्बोतून तेल फिरत राहते व दांड्याशी जळत नाही. परंतु वाफ दिसत असेल, खाली कूलंट सांडत असेल किंवा काटा तांबड्या पट्ट्यात असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे. टर्बो बिघडला तर एक भाग बदलता येतो; कूलंटवाचून इंजिन चालले तर त्याचे हेडच वाकते.

इंजिन बंद केल्यावर बॉनेटमधून वाफ येत असेल, तर ती थांबेपर्यंत बॉनेट उघडू नये. नंतरही पंख्यापासून हात दूर ठेवावा, कारण विजेचा पंखा आपोआप फिरू लागतो. रेडिएटरचे झाकण तर मुळीच काढू नये. साधे पाणी १०० अंशांना उकळते. पण त्या बंद भांड्यातील दाबामुळे ते सुमारे १२० अंशांपर्यंतही शांत राहू शकते. झाकण काढताच दाब नाहीसा होतो आणि तेच पाणी क्षणार्धात उकळून उसळते. निदान अर्धा तास, वाटल्यास अधिक, थांबावे. दरम्यान काटा एकाएकी खाली आला, तरी फसू नये. कूलंट संपले असता सेन्सर पाण्याबाहेर पडतो व खोटी ग्वाही देतो.

पुढे मेकॅनिक येईल. पण गाडी केव्हा तापली हे त्याला चालकानेच सांगावयाचे असते, आणि अर्धे निदान त्यातच आहे. गर्दीत उभी असता तापते व धावताना निवते, तर पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले पाहावा. केवळ चढावर तापते, तर कूलंट कमी आहे, पंप थकला आहे किंवा रेडिएटर तुंबला आहे. टर्बोच्या पुष्कळ गाड्यांत रेडिएटरपुढे इंटरकूलर असतो, व दोहोंच्या फटीत धूळ आणि किडे साचून वारा अडतो. घरून निघताच थोड्याच वेळात तापते आणि वरचा होजपाइप कढत तर खालचा गार असतो, तेव्हा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्याची शंका घ्यावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चावी फिरवल्यावर दिवा लागला आणि इंजिन सुरू होऊनही विझला नाही, तर दोष बहुधा सेन्सरचा वा तारेचा.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे कूलंट दर आठवड्याला कमी होते, पण जमिनीवर थेंब दिसत नाही. पुष्कळ गाड्यांत टर्बोलाही कूलंटच्या बारीक नळ्या जोडलेल्या असतात. धगीने त्यांचे रबर कडक होते, आणि गळलेला थेंब तापल्या लोखंडावर जागीच सुकून मागे केवळ पांढरा वा रंगीत डाग ठेवतो. तो डागही नसेल, आणि धूर पांढरा व दाट येत असेल किंवा तेल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट गेल्याचे ते लक्षण होय. अशी गाडी चालवत नेऊ नये, ओढून न्यावी.

तेव्हा वाचकहो, लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी इंजिन थंड असता कूलंटची टाकी पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असली पाहिजे. आणि वाटेत तांबडा दिवा लागलाच, तर मुलांना घेऊन रस्त्याच्या सुरक्षित बाजूस सावलीत बसावे. उशीर झाला म्हणून कोणी नाव ठेवील, तर ठेवो. घाटात घालवलेला तास पुढे विसरता येतो. भाजलेला चेहरा विसरता येत नाही.