देवालयांतून घरांत आलेला ऑर्गन

'ऑर्गन' हा शब्द ऐकतांच आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें मंडळीच्या उपासनेंत वाजणारी पायपेटी उभी राहील. पालकांपैकीं कांहींना संगीत नाटकांतील ऑर्गनची साथही आठवेल. त्या पेटींत पितळेच्या पातळ जिव्हा असतात. भात्यांतील हवा त्यांवरून गेली म्हणजे त्या थरथरतात आणि सूर उमटतो. आज ज्या वाद्याविषयीं लिहावयाचें आहे त्याचें कुळ निराळें. तें बासरीचें आप्त होय. त्यांत प्रत्येक सुराला एक स्वतंत्र नळी असते. पट्टी दाबली कीं त्या नळीच्या खालचें दार उघडतें, हवा आंत शिरते आणि नळी बोलूं लागते. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलांत असा नळ्यांचा ऑर्गन आहे. युरोपांतील व अमेरिकेंतील जुन्या देवालयांत तर तो सर्वत्र आढळतो. अलीकडे मात्र त्यांतील कित्येक लहान ऑर्गन देवालयांतून निघून खाजगी घरांत जाऊन राहिले आहेत. ही हकीकत जितकी विचित्र वाटते तितकी ती नवी नाहीं.

सन १६३१ च्या सुमारास रॉबर्ट डॅलम नांवाच्या इंग्रज कारागिरानें ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या प्रार्थनामंदिरासाठीं एक ऑर्गन बांधला. पुढें इंग्लंडांत राजा व पार्लमेंट यांचें युद्ध जुंपलें. प्यूरिटन पक्षाचें मत असें कीं, वाद्यांच्या नादांत देवाच्या वचनाकडे दुर्लक्ष होतें. म्हणून १६४४ सालीं पार्लमेंटनें देवालयांतील ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम सोडला. अनेक उत्तम वाद्यें त्या धामधुमींत नष्ट झालीं. मॉडलिनचा ऑर्गन मात्र वांचला, आणि तो कोणाच्या घरीं गेला म्हणाल, तर त्याच पक्षाचा अग्रणी ऑलिव्हर क्रॉम्वेल याच्या! १६५४ सालीं क्रॉम्वेलनें तो हॅम्प्टन कोर्ट या आपल्या राहत्या राजवाड्यांत नेवविला. उपासनेंत वाद्य नको, पण घरीं हवें, असा हा न्याय होता. मुलांना यांत विसंगति दिसेल. परंतु क्रॉम्वेल संगीताचा खरा भोक्ता होता आणि जॉन हिंगस्टन हा वादक त्याच्या पदरीं होता. क्रॉम्वेलच्या सरकारांत लॅटिन भाषेचा चिटणीस असलेला अंध कवि मिल्टन यानें हा ऑर्गन तेथें वाजविला अशी दंतकथा आहे, आणि त्यावरून त्याला 'मिल्टन ऑर्गन' हें नांव पडलें आहे. १६६० सालीं राजा परत आला, तसा ऑर्गनही मॉडलिनला परत गेला. पुढें अठराव्या शतकांत तो ट्यूक्सबरी येथील मठमंदिराला विकला गेला. तेथें त्याची पुढें पुष्कळ डागडुजी व वाढ झाली, तरी त्याच्या दर्शनी भागांतील जुन्या नळ्या अद्याप तेथें आहेत. राजवाड्यांत आश्रय मिळाला नसता तर त्याची गति इतरांसारखीच झाली असती.

आजचें कारण युद्ध नव्हे. इंग्लंडांत १९३२ सालीं मेथडिस्ट पंथाच्या निरनिराळ्या शाखा एकत्र झाल्या, तेव्हां एकाच गांवांत दोन दोन देवालयें उरलीं आणि त्यांतील पुष्कळ पुढें बंद झालीं. त्यानंतर उपासकांची संख्याही घटत गेली. बंद इमारत विकली जाते, तिचें दुकान किंवा राहतें घर होतें, आणि आंतील ऑर्गनचें काय करावें हें कोणालाच सुचत नाहीं. नळ्यांचा धातु म्हणजे कथील व शिसें यांचें मिश्रण. तें भंगारवाल्याला चालतें. म्हणून कित्येकदां 'स्वखर्चानें काढून न्या, वाद्य फुकट' अशा अटीवर ऑर्गन दिला जातो. अमेरिकेंत अशा बेवारस ऑर्गनांना नवीं घरें शोधून देणारी 'ऑर्गन क्लिअरिंग हाऊस' ही पेढी आहे. आफ्रिकेंतील रोग्यांच्या सेवेसाठीं प्रसिद्ध असलेले डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर यांनीं १९०६ सालींच एक पुस्तिका लिहून जुने ऑर्गन मोडूं नका असें कळकळीनें सांगितलें होतें.

फुकट मिळालेलें हें वाद्य घरांत बसवावयाचें कसें? पहिली अडचण उंचीची. पायपेटींतील मंद्र सप्तकाचा जो सूर वीतभर जागेंतून निघतो, त्यासाठीं येथें आठ फूट लांबीची नळी लागते. तीच लांबी निम्मी केली कीं सूर एक सप्तक वर चढतो. म्हणजे सोळा फुटांचा खर्ज पाहिजे असेल तर घराचें छप्परच फोडावें लागेल. परंतु येथें निसर्गाचा एक नियम उपयोगी पडतो. नळीचें वरचें टोंक बुचानें बंद केलें तर तीच नळी जवळजवळ एक सप्तक खालीं बोलते. त्यामुळें सोळा फुटांचा सूर आठ फुटांच्या बंद लाकडी नळींतून निघतो, आणि ती साध्या दिवाणखान्यांत कशीबशी उभी राहते. ५६ पट्ट्यांच्या वाद्याला नळ्यांच्या चार पूर्ण रांगा असल्या तर २२४ नळ्या होतात. त्यांतील सर्वांत लहान नळीचा बोलणारा भाग जेमतेम इंचभर असतो. काढतांना प्रत्येक नळीवर खूण केलेली असते. नाहीं तर पुन्हा जुळणी करतांना दिवस नव्हे, महिने जातील. धातु मऊ असल्यामुळें नळी मुखाशीं धरीत नाहींत. हाताच्या नुसत्या उबेनेंही ती कांहीं वेळ बेसूर होते.

यापेक्षां मोठी अडचण आवाजाची. देवालयांतील नळ्या दोन-तीनशें माणसांच्या गायनाला आधार देण्यासाठीं घडविलेल्या, आणि दगडी भिंतींचा प्रतिध्वनि त्यांच्या मदतीला. गालिचे-पडद्यांच्या खोलींत त्याच नळ्या किंचाळल्यासारख्या वाटतात. यावर दोन उपाय आहेत. एक, भात्यावरील वजन कमी करून हवेचा दाब उतरविणें व नळीच्या पायाचें भोंक थोडें लहान करणें. दुसरा, नळीच्या मुखाची वरची कड कापून सूर सौम्य करणें. पहिल्या उपायानें केलेला बदल पुढें मागें घेतां येतो. दुसऱ्याचें तसें नाहीं. कापलेली कड पुन्हा खालीं आणावयाची तर नवीन धातु जोडावा लागतो, आणि मग ती नळी मूळ कारागिराची राहत नाहीं. आमच्या मतें ज्यानें वाद्य घरीं आणलें त्यानें पहिल्यावरच समाधान मानावें. घरमालक कांहीं वर्षांचा, ऑर्गन शेंदीडशें वर्षांचा. उद्यां एखाद्या नव्या मंडळीला तो हवा झाला तर त्याचा मूळ आवाज तिला मिळाला पाहिजे.

पूर्वीं भाता हलविण्यास एक माणूस किंवा मुलगा बसवीत. आतां विजेचा पंखा तें काम करतो. तो पंखा आवाज करतो म्हणून लोक त्याला थंड तळघरांत कोंडतात, आणि तेथेंच चुकतात. हवा दहा अंश सेंटिग्रेडनें तापली तर नळीचा सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शानें चढतो. तळघरांतील गार हवा आणि खोलींतील उबदार नळ्या यांचा मेळ बसत नाहीं. याकरितां पंख्यानें हवा त्याच खोलींतून घ्यावी अशी योजना करितात.

सर्व जोडून झाल्यावर लाकूड नव्या हवेला सरावेपर्यंत कांहीं आठवडे थांबून मग सूर लावतात. हें काम एकट्याचें नव्हे. कारागीर नळ्यांच्या दाटींत उभा राहून एकेक नळी जुळवितो, आणि बाहेर कोणीतरी पट्टी दाबून धरावी लागते. आंतून 'पुढची' अशी हांक आली कीं पुढची दाबावयाची. बहुधा हें काम घरांतील एखाद्या मुलाकडे येतें. दोन-अडीचशें नळ्या संपेपर्यंत त्याला तेथून हलतां येत नाहीं.