तिरुवैयारुतील घर-जमीन : माड, वाळवी आणि पट्टा

तंजावरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरवर असलेले तिरुवैयारु हे पाच नद्यांच्या नावाने ओळखले जाणारे गाव. पौष वद्य पंचमीला त्यागराजांच्या आराधनेसाठी येथे दूरदूरचे लोक येतात. त्यांतील काहींना, तसेच भोसले राजवटीपासून तंजावर परिसरात वसलेल्या मराठी कुटुंबांतील निवृत्त मंडळींना, कावेरीकाठी परसासह एखादे कौलारू घर आणि जमल्यास थोडी भातजमीन हवी असते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्यास परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही; तमिळनाडूत तसे बंधन नाही. त्यामुळे मर्यादित पुंजी असलेला मनुष्य या खोऱ्याकडे वळला तर नवल नाही. मात्र, शेजारच्या मालमत्तेपेक्षा एखादी मालमत्ता बरीच स्वस्त मिळत असेल, तर त्या स्वस्ताईला बहुधा कारण असते. ते कारण पुष्कळदा परसातील झाडांवर, घराच्या वाशांत आणि महसुली नोंदींत वाचता येते.

प्रथम पाहण्याच्या वेळेविषयी. आराधना बहुधा जानेवारीत येते. ईशान्य मोसमी पाऊस तेव्हा नुकताच सरलेला असतो. प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडलेल्या मेट्टूर धरणाचे पाणी २८ जानेवारीपर्यंत चालू असते आणि सांबा हंगामाचे भात शेतात उभे असते किंवा कापणीला आलेले असते. जमीन पारखण्यास याहून फसवा काळ नाही. तीच जागा नोव्हेंबरच्या मुसळधार पावसात आणि पुन्हा मे महिन्यात पाहावी. पहिल्या खेपेस परसात पाणी किती दिवस तुंबते ते कळते, दुसऱ्या खेपेस विहिरीचा तळ.

परसातील माडांची किंमत व्यवहारात धरलेली असते, म्हणून त्यांची तपासणी सर्वांत काळजीपूर्वक करावी. या जिल्ह्याचे नाव माडाच्या एका रोगालाच मिळालेले आहे. गॅनोडर्मा बुरशीमुळे होणारी ‘तंजावर मर’ येथे १९५२ मध्ये प्रथम नोंदली गेली. खोडाच्या बुंध्याशी तांबूस तपकिरी द्रव पाझरू लागतो आणि त्याचे डाग हळूहळू वर चढतात. बाहेरची पाने पिवळी पडून लोंबतात, मुळे कुजतात. हलक्या वालुकामय जमिनीत आणि उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडलेल्या बागेत हा रोग अधिक आढळतो. मेलेल्या माडाच्या बुंध्याशी बुरशीची कडक, छत्रीसारखी फळे दिसली तर संशय उरत नाही. विक्रेत्याने बुंधे मातीने झाकले असतील किंवा त्यांना नुकताच चुना फासला असेल, तर माती सारून आणि चुना खरवडून पाहण्यात संकोच नसावा.

पाझर दिसला म्हणजे मर रोगच, असेही नव्हे. सोंड्या भुंग्याच्या अळ्या खोड पोखरतात तेव्हाही तपकिरी द्रव गळतो. पण तेथे भोके असतात, भोकांतून चावलेले तंतू बाहेर आलेले असतात आणि खोडाला कान लावल्यास कधी कधी कुरतडण्याचा आवाज येतो. गेंड्या भुंगा ओळखणे सोपे. उमललेल्या पानांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी छाट दिसतात. त्याची पैदास शेणखताच्या खड्ड्यांत आणि कुजणाऱ्या खोडांत होते, म्हणून परसाच्या कोपऱ्यात पडलेली जुनी खोडे हा त्याचा पत्ता समजावा. पाने काळी पडली असतील तर त्यांच्या खालच्या बाजूस सर्पिलाकार पांढरी अंडी शोधावीत. २०१६ मध्ये पोल्लाची भागात प्रथम आढळलेल्या चक्राकार पांढऱ्या माशीची ती खूण होय. काळेपणा तिच्या चिकट स्रावावर वाढणाऱ्या बुरशीचा असतो. एन्कार्सिया हा परजीवी कीटक तिला आवरतो, त्यामुळे या कारणाने सौदा मोडण्याची गरज नाही.

घराकडे वळल्यावर भिंतीच्या पायथ्याशी आणि वाशांची टोके भिंतीत शिरतात तेथे पाहावे. मातीच्या बारीक नळ्या असतील तर ती वाळवी. एखादी नळी मोडून ठेवावी. काही दिवसांत ती पुन्हा बांधली गेली तर वसाहत जिवंत आहे. लाकडाखाली पिठासारखा भुसा पडलेला असेल तर ते काम लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे, वाळवीचे नव्हे, उपचारही वेगळा.

कागदपत्रांची भाषा येथे निराळी आहे. १०० कुळी म्हणजे एक मा, सुमारे ३३ सेंट, आपल्याकडील साधारण १३ गुंठे. ‘नंजै’ ही ओलिताची जमीन, ‘पुंजै’ कोरडवाहू आणि ‘नत्तम’ म्हणजे गावठाण. घर नत्तमात असावे. स्वस्त नंजै घेऊन तीवर घर बांधू म्हणणाऱ्यास बिगरशेती परवानगीचा अडथळा पार करावा लागतो. पट्ट्यासोबत नोंदणी कार्यालयातील बोजा-दाखला, म्हणजे ‘विल्लंगम्’, आणि गावपातळीवरील पीकनोंदीचे ‘अडंगल’ पाहावे. अडंगलात दुसऱ्याच कसणाऱ्याचे नाव असेल तर १९५५ च्या कायद्याने संरक्षित कूळ तेथे असू शकते आणि जमीन विकली गेल्याने ते हटत नाही.

याहून महत्त्वाची बाब देवस्थानाच्या जमिनीची. मंदिरांच्या या प्रदेशात अनेक घरांच्या भिंती रहिवाशाच्या, पण खालची जागा, म्हणजे ‘अडिमनै’, देवस्थानाची असते. १९५९ च्या धर्मादाय कायद्याप्रमाणे अशी जागा आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकल्यास तो व्यवहार रद्दबातल ठरतो. असे घर नेमके स्वस्त असते.

म्हणून पुंजी मर्यादित असेल, तर देवस्थानाच्या जागेवरील निरोगी बागेपेक्षा स्वच्छ पट्ट्याची रोगट बाग पत्करावी. मात्र रोगट माडांची किंमत शून्य धरावी आणि ते मुळांसह काढण्याचा खर्च भावातून वजा करावा. मेलेले बुंधे मुळांसह खणून नष्ट करावेत, उरलेल्या माडांभोवती चर घ्यावा, दरवर्षी प्रत्येक माडाला ५ किलो निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा द्यावे आणि एका आळ्याचे पाणी दुसऱ्यात वाहू देऊ नये. नवी लागवड उंच जातीची असल्यास फळाला साधारण ६ ते ७ वर्षे लागतात. तोवर मोकळ्या जागेत केळी घेता येते. रोगट बागेत केळीचे आंतरपीक घेण्याची शिफारसही आहे.