फ्लास्कपासून फुलापर्यंत : स्लिपर ऑर्किडचे घरगुती संगोपन

स्लिपर ऑर्किड

स्लिपर ऑर्किडच्या फुलाची एक पाकळी पिशवीसारखी फुगलेली असते. बहुतेक ऑर्किडांत एकच पुंकेसर कार्यक्षम असतो, या उपकुलात दोन असतात. यातील पॅफिओपेडिलम ही प्रजाती घरी सर्वाधिक वाढवली जाते. ईशान्य भारत आणि दक्षिण चीनपासून न्यू गिनी व सॉलोमन बेटांपर्यंत तिचा विस्तार आहे. भारतातील बहुतेक जाती ईशान्येच्या डोंगरांतल्या आहेत. द्वीपकल्पात फक्त ड्रुरी ही जाती आढळते, तीही पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, अगस्त्यमलईच्या परिसरात. महाराष्ट्र आणि गोव्याच्या जंगलांत एकही जाती नैसर्गिकरीत्या उगवत नाही. या वनस्पतींना पाणी साठवणारे फुगीर खोड नसते, आणि संगोपनातील बऱ्याच अडचणींचे मूळ या एका अभावात आहे.

फ्लास्कची गरज

ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असून त्यात अन्नाचा साठा जवळपास नसतो. निसर्गात विशिष्ट कवकाने आत शिरकाव करून अन्न पुरवले, तरच ते रुजते. कवकाची ही भूमिका फ्रान्सच्या नोएल बेर्नार यांनी 1899 मध्ये ओळखली. 1922 मध्ये अमेरिकेतील लुइस नडसन यांनी दाखवून दिले, की साखर आणि क्षार असलेल्या निर्जंतुक माध्यमावर कवकाशिवायही बी रुजवता येते. आजचा फ्लास्क, म्हणजे अशा माध्यमावर रोपे वाढवण्याची बंद बाटली, ही त्याच शोधाची पुढची पायरी. फॅलेनॉप्सिस या दुसऱ्या ऑर्किडची लाखो एकसारखी रोपे ऊतीसंवर्धनाने तयार होतात. प्रौढ पॅफिओपेडिलमच्या बाबतीत हे तंत्र फार अवघड ठरले आहे. त्यामुळे व्यापारातील बहुतेक रोपे बियांपासूनच येतात आणि एका फ्लास्कमधली वीस-पंचवीस रोपे सख्खी भावंडे असूनही एकमेकांपासून भिन्न असतात. वाढीचा वेग, पानांवरची नक्षी, फुलाचा आकार, सगळ्यांत फरक पडतो.

कायद्याची चौकट

वन्य जातींच्या व्यापाराविषयीच्या सायटीस करारात पॅफिओपेडिलम ही संपूर्ण प्रजाती परिशिष्ट 1 मध्ये आहे, म्हणजे जंगलातून काढलेल्या झाडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध आहे. कृत्रिमरीत्या वाढवलेली आणि निर्जंतुक बंद पात्रातून नेली जाणारी रोपे त्या नियंत्रणातून वगळली आहेत. भारतात ही प्रजाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित वनस्पतींच्या यादीत येते आणि अशा वनस्पतींची लागवड व विक्री यांना मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. रोपे कोठून आली आणि विक्रेत्याकडे परवाना आहे का, याची चौकशी खरेदीआधी व्हायला हवी.

बाटलीतील जीवन

बंद बाटलीत हवा जवळपास संपृक्त असते, म्हणून पानांवरचा मेणाचा थर पातळ राहतो आणि पर्णरंध्रे नीट उघडझाप करायला शिकलेली नसतात. अन्नाचा मोठा भाग माध्यमातील साखरेतून मिळतो. प्रकाशसंश्लेषण अजून दुय्यम असते. बाहेर आलेल्या रोपाला म्हणून एकाच वेळी दोन बदल सोसावे लागतात : कोरडी हवा आणि साखरेचा अंत. पुढची सारी पद्धत हे दोन बदल सावकाश घडवण्यासाठी आहे. माध्यम संसर्गमुक्त असेल, तर पानांची लांबी काही सेंटिमीटर होऊन प्रत्येक रोपाला दोन-तीन मुळे फुटेपर्यंत फ्लास्क उघडण्याची घाई करू नये. बुरशी दिसल्यास मात्र लगेच उघडावा.

बाहेर काढणे

पुण्यासारख्या ठिकाणी पहिल्या पावसानंतरचे आठवडे यासाठी उत्तम, कारण हवेतला ओलावा तेव्हा आयता मिळतो. एप्रिल-मेची कोरडी उष्णता टाळावी. कोमट पाणी घालून माध्यम सैल करावे, रोपांचा गठ्ठा अलगद बाहेर काढावा आणि मुळांवरचा अगर (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) पाण्यात हलवत धुऊन टाकावा. साखरयुक्त अगर मुळांना चिकटून राहिला, तर बुरशीला तोच खाद्य पुरवतो. मात्र ही मुळे ठिसूळ असतात. थोडासा अगर राहिला तरी चालेल, मूळ तुटता कामा नये.

सामूहिक कुंडी

रोपे सुरुवातीला एकेकटी लावत नाहीत. दहा सेंटिमीटरच्या कुंडीत आठ-दहा रोपे जवळजवळ लावली, की ती सुट्या रोपांपेक्षा चांगली वाढतात. गर्दीत मिश्रण एकसारखे ओले-सुके होते आणि पानांभोवती ओलावा टिकतो. मिश्रणात पाइनच्या सालीचे बारीक तुकडे, पर्लाइट आणि लोणारी कोळसा असतो; वर स्फॅग्नम मॉसचा पातळ थर पुरतो. नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरायचे असतील, तर त्यांतील मीठ निघून जाईपर्यंत वारंवार पाणी बदलून भिजवावे लागतात. कुंडी पारदर्शक डब्यात ठेवून झाकण रोज थोडे अधिक उघडत न्यावे. तीन-चार आठवड्यांत पाने उघड्या हवेत ताठ राहू लागतात. सहा महिने ते वर्षभराने रोपे स्वतंत्र कुंड्यांत जातात. कुंडी लहानच असावी, कारण मोठ्या कुंडीत मध्यभाग ओला राहून मुळे कुजतात.

पाणी आणि क्षार

फ्लास्कमधून निघालेली रोपे सर्वाधिक मरतात ती पाण्यामुळे. जाड पानांच्या कॅटलिया ऑर्किडला दोन पाण्यांच्या मध्ये पूर्ण कोरडे होणे मानवते. पॅफिओपेडिलमला मात्र मिश्रण सतत किंचित ओले आणि हवेशीर हवे. मुळे संख्येने कमी, जाड आणि लोमश असतात. एकदा कुजली, की नवी फुटायला महिने लागतात. दुसरा मुद्दा क्षारांचा. बेसॉल्टच्या प्रदेशातले विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि बाष्पीभवनाबरोबर त्याचे क्षार मिश्रणात साठत जातात. त्याने पानांची टोके करपतात आणि मुळांची वाढ थांबते. पावसाचे साठवलेले पाणी सर्वोत्तम, नाहीतर आरओचे. खत अगदी विरळ द्यावे, लिटरमागे पाव ग्रॅम विद्राव्य खत पुरे, आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढावी. चुनखडीच्या कड्यांवर वाढणाऱ्या नीविअम, बेलाट्युलमसारख्या जातींना कॅल्शियमची गरज असल्याने शिंपल्यांचा चुरा लाभतो.

प्रकाश आणि उष्णता

थेट ऊन नको. पूर्वेची खिडकी किंवा दाट शेडनेटखालची जागा पुरते. नक्षीदार पानांच्या जाती साधारणपणे उबदार हवेत रमतात, तर साध्या हिरव्या पानांच्या अनेक जातींना थंड रात्री लागतात. महाराष्ट्राच्या मैदानी भागात इन्सिग्ने किंवा फेअरिएनम कळ्या धरत नसल्यास कारण बहुधा थंड रात्रींचा अभाव. मॉडिए गटातले संकर या हवेत सोपे जातात. मूळ मॉडिए हा कॅलोसम आणि लॉरेन्सिएनम यांचा संकर 1900 मध्ये नोंदवला गेला.

रोग

पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी साचले, की जिवाणूजन्य कूज मध्यावर पसरते आणि रोप एक-दोन दिवसांत जाते. म्हणून पाणी सकाळी द्यावे, लहान पंख्याने हवा हलती ठेवावी. कोकणच्या पावसाळ्यात पंखा ही गरजच ठरते. बाधित पान निरोगी भागापासून कापून वेगळे करावे.

पहिला बहर

मिश्रण दरवर्षी बदलल्यास मॉडिएसारखे संकर फ्लास्कनंतर तीन-चार वर्षांत फुलतात. रोथशिल्डिएनमसारख्या बहुफुली जातींना दशकही लागू शकते. प्रत्येक पर्णगुच्छ एकदाच फुलतो, पण त्याच्या बुडाशी नवा फुटवा येतो आणि पुढचा बहर त्यावर धरतो. मागे पडलेली रोपे टाकून देऊ नयेत. भावंडांतला भेद पाहता उत्तम फूल कोणते रोप देईल, हे वाढीच्या वेगावरून कळत नाही. पहिले फूल लहान आणि किंचित वेडेवाकडे येऊ शकते, त्यामुळे रोप ठेवायचे की नाही हा निर्णय दुसऱ्या बहरानंतरच घ्यावा.