लाकडातील कोलम : फ्रेट-करवतीचे काम आणि त्यामागील शास्त्र

कुंभकोणम हे तमिळनाडूतील गाव कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये वसलेले आहे. देवळांचे गाव म्हणून त्याची ख्याती आहेच. परंतु ते कारागिरांच्या प्रदेशातही येते. जवळच्या स्वामिमलै येथे मेणाचा साचा वापरून पंचधातूच्या मूर्ती ओततात. नाच्चियारकोविल येथे पितळेच्या उंच समया घडवितात. आणि तंजावरास फणसाच्या लाकडाची वीणा तयार होते. मराठी वाचकास हा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरास राज्य स्थापिले आणि त्यांच्या वंशाची सत्ता तेथे १८५५ पर्यंत टिकली. बडोद्याचे दिवाण म्हणून महाराष्ट्रास परिचित असलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथेच एका मराठीभाषी कुटुंबात झाला.

या गावी पहाटे उंबरठ्यापुढे सडा घालून तांदळाच्या पिठाने कोलम काढण्याचा परिपाठ आहे. आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीत बहुधा ठिपके रेषेने जोडतात. ‘सिक्कु’ कोलमात मात्र रेषा ठिपक्यास शिवत नाही. ती प्रत्येक ठिपक्याभोवती वळसा घालीत जाते, स्वतःस वारंवार छेदते आणि अखेर आरंभाच्या ठिकाणी येऊन मिळते. तमिळ भाषेत ‘सिक्कु’ म्हणजे गुंता. ही आकृती संध्याकाळपर्यंत पायांखाली पुसून जाते. तीच लाकडात उतरवावयाची झाल्यास काय करावे लागेल? हा प्रश्न वरवर हस्तकलेचा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरात यंत्रशास्त्र, लाकडाची रचना आणि भूमिती या तिन्हींचा संबंध येतो.

बारीक पाते का लागते?

सुताराच्या नेहमीच्या करवतीने सरळ काप उत्तम घेता येतो, पण वळण घेता येत नाही. याचे कारण पात्याच्या रुंदीत आहे. करवतीचे दाते कापाची जी फट पाडतात, ती पात्याच्या जाडीपेक्षा किंचित जास्त असते. या किंचित मोकळ्या जागेतच पात्याच्या मागच्या भागास वळावे लागते. पाते रुंद असले, तर त्याची मागची कड फटीच्या भिंतीवर आदळते आणि पाते अडकते.

याचा ढोबळ हिशेब करता येतो. पात्याच्या रुंदीचा वर्ग करून त्यास मोकळ्या जागेने भागले असता, ज्या वर्तुळावर ते पाते न अडकता फिरू शकेल त्याची त्रिज्या मिळते. सुताराच्या करवतीचे पाते १०० मिलिमीटर रुंद आणि मोकळी जागा अर्धा मिलिमीटर धरली, तर त्रिज्या २०,००० मिलिमीटर, म्हणजे २० मीटर येते. अशा करवतीने कोलमाचे वळण घेणे म्हणजे बैलगाडी समईभोवती फिरविण्यासारखे होय. उलट, १ मिलिमीटर रुंदीचे पाते आणि ०.२ मिलिमीटर मोकळी जागा असेल, तर त्रिज्या अवघी ५ मिलिमीटर भरते. रुंदी निम्मी केली की त्रिज्या चौथाईवर येते. म्हणून नक्षीकामाची पाती दोऱ्यासारखी बारीक ठेवतात.

परंतु बारीक पात्यास एक मोठी उणीव असते. पातळ पट्टी ओढली असता पुष्कळ भार सहन करते. मात्र तीच दाबली तर तत्काळ वाकते. यास्तव असे पाते सदैव ताणून धरावे लागते. फ्रेट-करवतीची यू या इंग्रजी अक्षरासारखी चौकट नेमके हेच काम करते. चौकट किंचित दाबून सुमारे १३ सेंटिमीटर लांबीचे पाते तिच्या दोन टोकांत विंग नटांनी अडकवितात. मग हात सैल सोडला की चौकट मूळ स्थितीस येऊ पाहते आणि पाते ताणले जाते. बोटाने छेडले असता ताणलेल्या पात्यातून तारेसारखा स्पष्ट स्वर निघावा. स्वर बद्द असेल तर ताण अपुरा आहे असे समजावे. पात्याचे दाते मुठीच्या दिशेने, म्हणजे खाली, असावे लागतात. त्यामुळे कापण्याचे काम खाली ओढताना होते, पाते ताणलेलेच राहते आणि लाकूडही खालच्या फळीवर दाबून बसते. दाते उलटे बसविले, तर प्रत्येक फटक्याबरोबर लाकूड वर उचलले जाते. नवशिक्यांची पाती तुटण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

हात आणि यंत्र

जे काम हात करतो तेच ‘स्क्रोल सॉ’ नावाचे यंत्र करते. शिवणयंत्रात चाकाच्या फिरण्यापासून सुईची वर-खाली गती उत्पन्न होते. तद्वत या यंत्रात मोटरीचे फिरणे क्रँकच्या योगाने पात्याच्या वर-खाली गतीत बदलते. आरंभीची यंत्रे शिवणयंत्राप्रमाणेच पायाने चालत. आजच्या घरगुती यंत्रात मिनिटास सुमारे ४०० ते १,८०० फेरे मिळतात आणि पाते प्रत्येक वेळी सुमारे २० मिलिमीटर खाली-वर होते. मिनिटास १,००० फेरे धरले, तर पात्याचा मिनिटाचा प्रवास ४० मीटर होतो. म्हणजे सरासरी वेग सेकंदास ०.६७ मीटर, माणसाच्या संथ चालीहूनही कमी. यामुळेच मोठ्या चक्राकार करवतीच्या मानाने हे यंत्र कमी धोक्याचे मानले जाते. कमी धोक्याचे म्हणजे निर्धोक नव्हे, हे मात्र विसरता कामा नये.

यंत्राने श्रम व वेळ वाचतो आणि दोन्ही हात लाकूड फिरविण्यास मोकळे राहतात. तथापि काम चांगले होणे हे यंत्रावर अवलंबून नाही. ज्या शाळेस यंत्र घेण्याची ऐपत नाही, तेथे हाताची करवत, पात्यांचे एक पुडके, गिरमिट, बारीक कानस आणि मेजाच्या कडेस पक्की केलेली, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेची फळी एवढी सामग्री पुरेशी होते.

या कलेचा थोडा इतिहास

पातळ पात्याने लाकूड, पितळ, शिंपला यांचे तुकडे कापून ते दुसऱ्या लाकडात जडविण्याची कला युरोपात सोळाव्या शतकापासून वाढली. फ्रान्सचा प्रसिद्ध कारागीर आंद्रे शार्ल बूल (१६४२–१७३२) पितळेचे व कासवाच्या पाठीचे पत्रे एकावर एक ठेवून एकाच वेळी कापीत असे. त्यामुळे एकाचा तुकडा दुसऱ्याच्या छिद्रात नेमका बसे. लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी याने १७६० च्या दशकात लाकडी फळीवर नकाशे चिकटविले आणि ते देशांच्या सीमांवरून कापून मुलांस भूगोल शिकविण्यासाठी विकले. आजच्या चित्रकोड्यांचा उगम त्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा हौसेचा उद्योग घरोघर पसरला. १८९५ साली इंग्लंडात ‘हॉबीज’ नावाचे साप्ताहिक निघाले आणि त्यातून वाचकांस कापण्याचे नमुने मिळू लागले.

आपल्या देशात या करवतीचे उत्तम काम म्हैसूरच्या शिसवी जडावकामात दिसते. शिसवीच्या फळीत निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे बारीक कापलेले तुकडे बसवून तेथे चित्रे सिद्ध करतात. पूर्वी या कामी हस्तिदंत वापरीत. १९८६ च्या कायद्याने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. त्यामुळे कला लोपली नाही. हस्तिदंताची जागा फिकट रंगाच्या लाकडांनी व इतर पदार्थांनी घेतली. करवतीस हत्तीच्या सुळ्याची गरज नव्हती, हे यावरून दिसून आले.

रेषा कापावी की राखावी?

आता कोलमाकडे वळू. दोन ओळी काढून प्रत्येकीत तीन ठिपके ठेवावेत; ठिपक्यांत सर्वत्र ४ सेंटिमीटर अंतर असावे. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्यातून रेषा तिरकी जाते आणि तेथेच दुसरी तिरकी रेषा तिला छेदते; कडेस आली की बाहेरच्या ठिपक्यास वळसा घालून ती पुन्हा आत येते. या सहा ठिपक्यांचा कोलम हात न उचलता एकाच रेषेत पुरा होतो.

नवशिका येथे हमखास एक चूक करतो. कागदावर रेषा दिसते, म्हणून तो रेषेवरूनच करवत चालवितो. परिणामी प्रत्येक बंद भाग सुटून खाली पडतो आणि हाती केवळ तुकड्यांचा ढीग उरतो. कागदावर रेषेला जाडी नसली तरी चालते. लाकडात रेषा हीच वस्तू आहे. म्हणून रेषा सुमारे ८ मिलिमीटर रुंदीची पट्टी म्हणून आखावी, ती राखावी आणि मधले भाग काढून टाकावेत. ठिपके त्या भागांबरोबर जातात. हवे असल्यास मागे गडद रंगाची फळी लावून ते तिच्यावर पुन्हा चिकटविता येतात.

असे किती भाग काढावे लागतील? आधी छेदनबिंदू मोजावेत. प्रत्येक ओळीत तीन ठिपक्यांमध्ये दोन, म्हणजे दोन ओळींचे चार, आणि दोन ओळींच्या दरम्यान तीन, एकूण सात. आता भाग मोजावेत. ठिपक्यांचे सहा, आणि चार-चार ठिपक्यांच्या मध्ये राहिलेले दोन, एकूण आठ. भागांची संख्या छेदनबिंदूंपेक्षा एकाने अधिक आहे. तीन ओळींत तीन-तीन ठिपके घेतले, तर छेदनबिंदू बारा आणि भाग तेरा येतात. हा योगायोग नव्हे.

अठराव्या शतकातील गणिती ऑयलर याने दाखविलेला एक नियम असा की, सपाटीवरील कोणत्याही सलग जाळ्यात बिंदूंच्या संख्येतून रेषाखंडांची संख्या वजा करून बाहेरच्या मोकळ्या भागासह सर्व भाग मिळविले असता उत्तर नेहमी २ येते. कोलमात प्रत्येक छेदनबिंदूपाशी रेषाखंडांची चार टोके मिळतात आणि प्रत्येक खंडास दोन टोके असतात. म्हणून खंड बिंदूंच्या दुप्पट होतात. त्यावरून सर्व भाग बिंदूंपेक्षा दोनने अधिक, आणि बाहेरचा भाग वगळता एकाने अधिक ठरतात. प्रत्येक छेदनबिंदूपाशी दोनच रेषा छेदत असतील आणि आकृती सलग असेल, तर हा नियम लागू पडतो.

कारागिरास या नियमाचा प्रत्यक्ष उपयोग आहे. करवत आत घालण्यासाठी प्रत्येक भागात एक छिद्र पाडावे लागते. ती छिद्रे किती, हे आधीच कळते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, भाग छेदनबिंदूंपेक्षा दोनने अधिक भरले, तर आकृती दोन सुट्या तुकड्यांची आहे असे समजावे. कागदावर ती एकसंध भासली तरी लाकडात ती दुभंगेल. दोन मिनिटांच्या या मोजणीने दोन दिवसांची मेहनत वाचते. कोलमाच्या रचनेचा गणिती अभ्यास विद्वानांनीही केला आहे. गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृत्तिवासन यांनी १९७४ साली कोलमाच्या आकृतींचे नियम व्याकरणाच्या नियमांसारखे मांडून दाखविले.

कापण्याचा क्रम

कोलमाची पट्टी सर्व दिशांस वळते. साध्या फळीत तंतू एकाच दिशेने जातात; म्हणून तंतूंस आडवी जाणारी अरुंद पट्टी थोड्याशा दाबाने मोडते. प्लायवुडमध्ये एका थराचे तंतू दुसऱ्यास काटकोनात असल्याने हा दोष उरत नाही. यास्तव ४ ते ६ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड घ्यावे.

नमुना कागदावर काढून फळीवर चिकटवावा. प्रत्येक भागात गिरमिटाने छिद्र पाडावे, पात्याचे एक टोक सोडवून छिद्रातून घालावे आणि पुन्हा ताणून बसवावे. आतील भाग प्रथम आणि बाहेरची कड शेवटी कापावी. बाहेरची कड आधी कापल्यास हाताने धरावयास जागा राहत नाही आणि नाजूक पट्ट्यांवर सारा ताण येतो. छेदनबिंदूजवळच्या टोकदार कोपऱ्यात एका बाजूने कोपऱ्यापर्यंत जावे, मागे येऊन टाकाऊ भागातून वळसा घ्यावा आणि दुसऱ्या बाजूने तेथेच यावे. पाते पुढे रेटू नये. ते आपल्या गतीने कापू द्यावे. रेटलेले पाते तापते, वाकते आणि काप तिरका जातो. शेवटी कानस व काचकागद फिरवून कडा साफ कराव्यात.

एक सूचना गौण समजू नये. लाकडाचा बारीक भुसा श्वासावाटे आत जाणे आरोग्यास घातक आहे. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीस मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणले. हा निष्कर्ष मुख्यतः वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्या कामगारांवरून काढलेला असला, तरी शाळेतही खिडक्या उघड्या ठेवाव्यात, नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी, भुसा फुंकून न उडविता ओल्या फडक्याने पुसावा. पाते तुटून उडू शकते. म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा.

उंबरठ्यावर कोलम काढणाऱ्या स्त्रीची चूक पाण्याच्या एका शिंतोड्याने पुसली जाते. लाकूड अशी सवलत देत नाही. तेथे एक पट्टी चुकून कापली की सारे काम वाया जाते. म्हणूनच करवत हाती घेण्यापूर्वी मोजणी करावी लागते. सहा ठिपके, सात छेद आणि आठ छिद्रे एवढा हिशेब ज्या विद्यार्थ्याने स्वतः ताडून पाहिला, त्याला करवतीच्या कामाबरोबर भूमितीचा एक नियमही कायमचा अवगत झाला असे म्हणता येईल.