‘विठ्ठल’ शब्दाचा शंभर वर्षांचा शोध

माढ्याच्या विठ्ठलाच्या छातीवर अक्षरं कोरलेली आहेत. कटीवर हात ठेवून उभ्या असलेल्या या मूर्तीवरून पुढे मोठा वाद झाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून अभ्यासक ‘विठ्ठल’ या एका शब्दाशीच झटत होते.

कीर्तनकार आजही सांगतात, विटेवर उभा तो विठ्ठल. जुन्या पंडितांची फोडही गोड आहे : ज्ञानशून्य, भोळ्या जिवांना पदरात घेणारा तो विठ्ठल. भक्ताचा अर्थ म्हणून दोन्ही मला प्रिय आहेत. मात्र ते नाव रूढ झाल्यावर सुचलेले आहेत.

१९१३ साली रा. गो. भांडारकरांनी कानडीकडे बोट दाखवलं. विष्णूचं कानडी वळणाचं रूप ‘बिट्टि’ किंवा ‘विठ्ठि’. त्याला ‘ल’ लागला की विठ्ठल, ‘बा’ लागला की विठोबा. बाराव्या शतकातला होयसळ राजा बिट्टिदेव पुढे विष्णुवर्धन म्हणून ओळखला गेला, हा याचा ठसठशीत दाखला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी संस्कृत ‘विष्ठल’ धरला, म्हणजे दूर रानातली जागा. पाणिनीच्या व्याकरणात तो शब्द बसतो. तरी माझं मन भांडारकरांकडेच झुकतं, कारण पंढरपुरातच होयसळ सोमेश्वराचा १२३७चा दानलेख आहे आणि आपले संतही या देवाला ‘कानडा’ म्हणतात.

रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ लिहिला आणि प्रश्नाचा रोखच बदलला. शब्दाची फोड करत बसण्यापेक्षा हे नाव आधी कुणाच्या तोंडी होतं, हे त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना गवळी-धनगरांच्या देवांत सापडलं. कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरदेव आजही जोडीनं पुजले जातात, भंडाऱ्याच्या उधळणीत. वेदपुराणांतला विष्णू या देवाला नंतर भेटला, असं ढेरे सांगतात. मला हे फार मोलाचं वाटतं. मेंढरांमागे हिंडणाऱ्या माणसांना त्यांचा देव त्यामुळे अभ्यासाच्या पानावर परत मिळाला.

त्याच ग्रंथात माढा येतं. पांडुरंगमाहात्म्यात देवाच्या हृदयावर मंत्राक्षरं असल्याचं वर्णन आहे. ती पंढरपूरच्या आजच्या मूर्तीवर नाहीत, माढ्याच्या मूर्तीवर आहेत. अफझलखानाच्या स्वारीच्या काळात पंढरपूरची मूळ मूर्ती माढ्याला हलवली गेली आणि तीच इथं राहिली, अशी ढेऱ्यांची मांडणी. पंढरपुरातून तिला कडाडून विरोध झाला. १९८७ साली याच ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०११ साली अ‍ॅन फेल्डहाउस यांनी तो इंग्रजीत आणला.

ढेरे २०१६ साली गेले. त्यांनी दाखवलेल्या वाटेनं जायचं तर मराठीच्या अभ्यासकाला कानडी आलीच पाहिजे, आणि कानडीच्या अभ्यासकानं माढ्याला यायला हवं.