सर्पगंधेच्या मुळावर

पांढऱ्या-गुलाबी फुलांचे लालचुटूक देठ आणि पिकून काळी पडणारी फळं यांमुळे सर्पगंधेचं झुडूप देखणं दिसतं. बाजाराला मात्र यातलं काहीच नको असतं. त्याला हवं मूळ, आणि मुळाचीही मुख्यतः साल, कारण अल्कलॉइडांचा, म्हणजे औषधी गुण देणाऱ्या द्रव्यांचा, बहुतांश साठा तिथेच असतो. म्हणून थंडीत पानं झडल्यावर मुळं खणताना साल सोलवटू नये याची फार काळजी घ्यावी लागते. एवढं जपून मूळ काढलं, की झाड संपलं. तुळस खुडली तरी फुटते, हिरडे वेचले तरी झाड उभं राहतं. सर्पगंधेला ही सवलत नाही. त्यामुळेच ‘लागवड वाढली की रानातली सर्पगंधा आपोआप वाचेल’ हा दिलासा मला अपुरा वाटतो.

मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले आणि ही देशी मुळी जगभर पोचली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातून रेसर्पीन हे रक्तदाब उतरवणारं अल्कलॉइड वेगळं केलं. १९५६ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत घडवलंही, पण ती वाट इतकी लांबलचक होती, की झाडाची गरज सरली नाही. रक्तदाबावर आता रेसर्पीन क्वचितच दिलं जातं; मग चिंता कसली, असं कुणी विचारेल. पण आयुर्वेदिक औषधांसाठी मुळ्या अजून लागतातच, आणि १९९० पासून ही वनस्पती वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे.

लागवडीचं तंत्र ठाऊक आहे. बियांची उगवण बेभरवशाची, म्हणून मुळांचे तुकडे किंवा फांद्यांची छाटं लावतात. अडतो तो काळ: मूळ काढण्याजोगं व्हायला दीड ते तीन वर्षं जातात, आणि तोवर शेतकऱ्याच्या हाती पैसा येत नाही. चांगला भाव मिळाला तर तो थांबेल, असं म्हणतात. थांबेलही. मात्र चढा भाव रानातल्या मुळीलाही मिळतो, आणि ती खणणाऱ्याला ना रोपं विकत घ्यावी लागतात, ना पाणी द्यावं लागतं. दोन्ही मुळ्या एकाच पोत्यात मिसळल्या की व्यापाऱ्याला फरक कळत नाही, कळला तरी त्याला त्याचं सोयरसुतक नसतं. फरक पडेल तो औषध कारखान्याच्या खरेदीत: मूळ कोणत्या शेतातलं, कधी लावलेलं, याची नोंद मागून तेवढ्याच मालाला जास्त पैसे मोजले, तरच शेतकऱ्याला तीन वर्षं थांबणं परवडेल.