उपसावे आणि पसरावे

इंग्रजीतील ‘ड्रेज’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : पाण्याच्या तळातील गाळ उपसणे आणि पदार्थावर पीठ भुरभुरणे. दोहोंची व्युत्पत्ती निराळी. परंतु गावतळ्याच्या कामी उपसणे व पसरणे या दोन्ही क्रियांची सांगड पडते. १ घनमीटर गाळ उपसल्यास तळ्यात १,००० लिटर पाण्यास जागा होते. तोच गाळ हलक्या, मुरमाड जमिनीत पसरल्यास ओल अधिक काळ टिकते. एकरभर शेतास २.५ सेंटिमीटर थर देण्यासाठी सुमारे १०० घनमीटर गाळ लागतो. २०१७ साली महाराष्ट्रात सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचे मर्म हेच होय. भारी, चिबड जमिनीत मात्र गाळ घालू नये. क्षारांची तपासणी आधी करून घ्यावी. तळ्याच्या मूळ तळास धक्का लावू नये. काम पावसाळ्यापूर्वी उरकावे, म्हणजे पाणी तळ्यात साठेल आणि शेतातही मुरेल.